दगडावरचं नाव

बाबांनी आपल्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहासाठी आयुष्याची पुंजी दिली आणि दगडावर नाव नको म्हणून हटून बसले. "'एका हितचिंतकाकडून' एवढंच कोरायचं," त्यांनी प्राचार्यांना कळवूनही टाकलं. मजकूर त्याच दिवशी कारागिराकडे जायचा होता.

मांडीवरचं बाळ नुकतं डोळे मिटत होतं, म्हणून मी हळूच भांडले.

"बाबा, वर्गात तुम्हीच म्हणायचात ना, निनावी दान करणाऱ्यांनी इतिहासाची फार गैरसोय केली?"

"ते जुन्या शिलालेखांबद्दल. मला मिरवायचं नाही."

"तुम्ही नका मिरवू. पण आई त्यात पुसली जाते."

 बाबांचा निम्मा पगार विद्यार्थ्यांच्या फीमध्ये जायचा, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. घर मात्र आईच्या गणिताच्या शिकवण्यांवर चालायचं. बाहेरच्या खोलीत फळा, आत आम्ही भावंडं तोंडावर बोट ठेवून. आभार मानायला येणारे बाबांच्या पाया पडायचे आणि आईकडे पाणी मागायचे.

बाबांनी कागद ओढला. थोडं लिहून वाचून दाखवलं, "'एका हितचिंतकाकडून, पत्नीच्या सहकार्याने.'"

"सहकार्य?" आई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "मी काय शेजारीण होते?"

"बरं, नीट लिहितो. शिकवण्या तू केव्हा सुरू केल्यास गं?"

"तुम्हीच सांगा. इतिहास तुमचा विषय."

बाबांनी चष्मा काढला. कुठला राजा कधी गादीवर बसला, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा माणूस. आता बोटांवर वर्षं मोजत बसला. आईला हसू आलं, मग तिलाच त्यांची दया आली.

"हिला दात येत होते तेव्हा," तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "कडेवर ही आणि हातात खडू."

मी बाळाला जरा जवळ घेतलं. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

बाबा खुर्ची सरकवून आईसमोर बसले. "पहिल्यापासून सांग. मध्ये बोलणार नाही."

"बघू, किती वेळ जमतं."

दगडावर शेवटी दोन नावं आली. आईचं आधी, मग 'आणि', मग बाबांचं. उद्घाटनाला आई पुढे वाकून ते वाचत उभी राहिली.

"अक्षरं जरा मोठी चालली असती," ती म्हणाली.