ताईचे सहा तुकडे

दार लावा आधी! हं, आता बोलू. सवय हो, दुसरं काय. उघडं दार दिसलं की अजूनही माझा जीव खालीवर होतो.

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. तुमच्या घरी असतो तो बर्फाचे खडे करणारा नव्हे. मी शून्याच्या खाली ऐंशी अंशांवर राहणारा, माणसाहून उंच, प्रयोगशाळेतला फ्रीझर. माझ्यात आइस्क्रीम ठेवलं असतं तर खाणाऱ्याचा चमचा वाकला असता. एका कारखान्यात माझ्या अंगात फेस भरला, पाठीला मोटर बसवली आणि चार माणसांनी शिव्या घालत मला प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्टमध्ये मी मावत नव्हतो.

तिथे मला बाई भेटल्या. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ. पेशीला म्हणे एक पातळ आवरण असतं आणि त्या आवरणात द्वारपाल असतात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, हे ते ठरवतात. त्यातले काही भारी खमके. औषध आत आलं रे आलं की त्याची मानगूट धरून बाहेर फेकतात. मग डॉक्टरांनी कितीही औषध द्या, आजार ढिम्म हलत नाही. बाईंचा सगळा जन्म या द्वारपालांच्या मागे गेला.

"त्याचा दोष नाही रे," त्या विद्यार्थ्यांना सांगत. "तो बिचारा घर राखतो. विष कुठलं आणि औषध कुठलं, त्याला काय कळतं?"

नवे विद्यार्थी आले की त्या त्यांना माझ्या मागे नेत आणि माझ्या पाठीशी हात धरायला लावत. तिथून गरम वारा येई. "हा आमचा सगळ्यात मोठा पंप! आत शिरलेली उष्णता धरून बाहेर फेकतो. पेशीतला पंपही असंच करतो." खोटं कशाला बोलू, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

एक दिवस बाईंची थोरली बहीण आली, ताई. डोक्याला रुमाल, चेहरा सुकलेला, पण जीभ मात्र धारदार. तिच्या पोटात गाठ होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ह्यात ठेवणार होय मला? स्वेटर तरी दे गं!"

बाई हसल्या नाहीत. ताईच हसली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तांदळाच्या दाण्याएवढे तीन तुकडे गोठवून निळ्या टोपणांच्या नळ्यांत आले होते. संमतीच्या कागदांवर ताईनं स्वतः सही केली होती. पुढे औषधानं आठ महिने छान गुण दिला आणि मग एकाएकी काम करणंच सोडलं. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आणखी तीन तुकडे आले, या वेळी लाल टोपणांत. तेव्हा ताई म्हणाली होती, "माझ्यासाठी नाही जमणार तुला, ठाऊक आहे मला. पण कुठला मेला माझं औषध बाहेर फेकत होता, ते शोधून काढ. पुढच्या बाईला तरी उपयोग होईल."

महिन्याभरात ताई गेली. त्या सहा नळ्या एका पांढऱ्या डब्यात, माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर राहिल्या. डब्यावर बाईंनी नंबर न घालता नुसतं 'ताई' लिहिलं.

आता बाईंची एक गंमत ऐका. गंमत कसली, कर्म माझं! त्यांचा कडक नियम होता. कुठलाही नमुना असो, निम्मा माझ्यात ठेवायचा आणि निम्मा पलीकडच्या इमारतीतल्या फ्रीझरमध्ये. यंत्राचा काय भरवसा? हा नियम मोडला म्हणून त्यांनी एकाला रडवलं होतं. पण पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या चष्मेवाल्या मुलीनं त्या डब्याचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्याचं राहू दे गं. ताईच्या वाटण्या नाही करायच्या मला."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी ऐकत होतो. बोलता आलं असतं तर बोललो असतो.

तुकडा तपासायला एकदा वितळवला की संपला. म्हणून बाई थांबल्या. जरा चांगलं तंत्र येऊ दे, म्हणाल्या. ते आलं, तर म्हणाल्या, अजून चांगलं येऊ दे. इतरांच्या नमुन्यांतून त्यांनी दोन नवे द्वारपाल शोधले, त्यांच्या गळ्यात हार पडले, केस पांढरे झाले. डबा तिथेच. एकोणीस वर्षं! मीही म्हातारा झालो. दाराचं रबर सैल पडलं, कडेनं बर्फ साचू लागला आणि माझा धोक्याचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला. मित्रांनो, देवानं मला तोंड म्हणून तेवढंच दिलं होतं. सुरुवातीला सगळे धावत येत. मग चालत येऊ लागले. मग लांबूनच म्हणू लागले, "वाजतोय वाटतं परत."

निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा बाईंनी ठरवलं. सोमवारी ताईचा डबा काढायचा. आदल्या गुरुवारी संध्याकाळी त्या आणि चष्मेवाली साध्या नमुन्यांवर रंगीत तालीम करत होत्या. मी चौथ्यांदा ओरडलो.

"अहो मामा, ह्याचं तोंड बंद करा हो जरा! डोकं उठलं माझं."

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले जुने सहायक. त्यांनी भोंग्याची किल्ली फिरवली. "उद्या चालू करतो," म्हणाले. पण शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी होती. हे त्यांच्याही ध्यानात नव्हतं आणि बाईंच्याही.

शुक्रवारी दुपारी माझी मोटर बंद पडली.

काय सांगू तुम्हाला! पाठीतला गरम वारा थांबला आणि उष्णता चहूबाजूंनी आत येऊ लागली. फेकायला मला हातच राहिले नाहीत. उणे सत्तर. उणे पन्नास. आकडे चढत होते आणि माझ्याच कपाळावर दिसत होते. बघायला कुणी नव्हतं. मी ओरडलो, पण आवाज कुठे होता?

रविवारी सकाळी सफाईवाली मावशी फरशी पुसायला आली. माझ्या पायाशी पाण्याचं थारोळं झालं होतं. तिनं ते पुसलं. परत आलं, परत पुसलं. तिनं माझ्या दाराकडे हात नेला आणि आखडता घेतला. एकदा झाडताना माझं बटण चुकून बंद झालं म्हणून तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. यंत्राला हात लावायचा नाही, असा दम होता.

"घामाघूम झालास की रे बाबा," ती म्हणाली. माझ्या पायाशी एक जुनं फडकं नीट घडी करून ठेवलं आणि निघून गेली. तिचं काय चुकलं, सांगा?

सोमवारी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. नवा पांढरा कोट घातला होता. दार उघडलं. मग डबा काढून एक नळी उजेडात धरली. आत लालसर पाणी हललं.

मामा धावत आले. किल्लीकडे बघितलं. "चूक माझी, बाई. भोंगा मीच बंद केला."

"नाही मामा," बाई म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं."

चष्मेवालीनं तरीही प्रयोग करून बघितला. काही हाती लागलं नाही. कुठल्या द्वारपालानं ताईचं औषध बाहेर फेकलं, ते आता कुणालाच कळणार नाही.

मला ओढून वऱ्हांड्यात ठेवलं. आता माझ्यात हातमोज्यांची खोकी असतात. प्रयोगानंतर वरच्या फळीवर परत ठेवलेला तो डबा तिथेच राहिला, कारण तो टाकून द्यायला कुणी धजेना. निवृत्तीच्या दिवशी बाई आल्या. सवयीनं जाडे हातमोजे घातले आणि दार उघडलं. मग लक्षात आलं तसे ते काढून ठेवले आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो डबा उघड्या हातांनी धरला.

"संपली गं थंडी, ताई," त्या म्हणाल्या आणि डबा छातीशी धरून जिना उतरल्या.

मित्रांनो, मी फक्त एक खोकं. मला काय कळतं? पण कुणी परत परत ओरडत असेल, तर त्याचं तोंड बंद करण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. त्याला दुसरं काही करता येत नसतं. आणि जिवापाड जपलेलं काही असेल, तर ते उद्यावर टाकू नका.

बरं, निघा आता. जाताना दार लावून जा. आत जपण्यासारखं काही नाही, ठाऊक आहे मला. तरी लावा.