सम्राटाचं अर्धं वाक्य

अखेर कोरड्या समुद्राचा सम्राट मेला. सुपडूनं त्याला एका फटक्यात संपवलं आणि विषय मिटला.

असं काही घडलेलं नाही. विसरवाडीच्या चौफुलीवर शाहबाजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे जाऊन विचारा. तो स्क्रू पिळत, मान वर न करता सांगेल की सम्राट जिवंत आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि त्याचं एक वाक्य बोलायचं राहिलंय. या दुकानात सम्राटाला मयत म्हणणाऱ्याला चहा मिळत नाही. आपणही तसंच धरून चालू.

शाहबाजनं सुरतेहून जुन्या मोबाइलचं एक पोतं आणलं होतं. त्यात हातात मावणारं, राखाडी रंगाचं एक जपानी खेळण्याचं यंत्र निघालं आणि त्याच्या पाठीत आधीच खुपसलेली एक कॅसेट. गेमचं नाव ‘कोरड्या समुद्राची तलवार’. जपानी लोकांनी बनवलेला, कुणीतरी इंग्रजीत आणलेला, साधारण शाहबाजच्याच वयाचा. यंत्र दुरुस्त व्हायला एक दुपार लागली. गेमला दोन वर्षं लागली, आणि तीही पुरली नाहीत.

गोष्ट अशी सुरू होते. एक पोरगा झोपलाय. त्याची मोठी बहीण उठते, उंबऱ्यावर भाताचा वाडगा ठेवते, दार उघडंच टाकते आणि निघून जाते. बास. पोरगा तिला शोधायला निघतो आणि मग सत्तर तास त्याच्या अंगावर मशरूम येतात. साधे मशरूम, तलवार घेतलेले मशरूम, आग ओकणारे मशरूम. शाहबाजला मशरूमशी घेणंदेणं नव्हतं. त्याला एवढंच कळायला हवं होतं की बहिणीनं दार उघडं का टाकलं. आपल्या गावात रात्री दार उघडं टाकून बाई निघून गेली तर तिच्यामागे चाळीस कारणं सांगणारे उभे राहतात. इथे सत्तर तासांत एकही नाही.

शेजारचा गाळा भाग्येशचा. हा शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीचा. घरी केळी, ऊस सगळं असताना इथे फुईकडे, म्हणजे आत्याकडे, राहतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. दोन गाळ्यांमध्ये एक पत्रा. नेट गेलं की पत्र्यावर टकटक व्हायची. आणि नेट जाण्याच्या बाबतीत विसरवाडीला कुणी नाव ठेवू शकत नाही.

दोघं आळीपाळीनं खेळत आणि न थकता भांडत. भाग्येशचं म्हणणं, गेम कठीण आहे म्हणूनच तो गेम आहे. शाहबाजचं म्हणणं, गोष्ट चांगली आहे म्हणून तो मार खातोय, मार चांगला आहे म्हणून गोष्ट ऐकत नाहीये.

“दर तीन पावलंले एक मशरूम आंगवर येस,” शाहबाज म्हणायचा. “आठून खांडबारा जावाले निंघना आनि दर तीन पावलंले कोनी तलवार काढी, ते तू जाशी का?”

“यस्टीमा तेच व्हस.”

“पन गोष्ट आयकाले मार काबर खावा यार?”

“फुकटनी गोष्ट गळाखाले उतरस नही भो. तुले फुकट पाहिजे ते मोबाइलवर रील देख.”

शाहबाजला रील म्हटल्याचा राग यायचा. तो पत्रा आपटून निघून जायचा आणि पत्र्यापलीकडून म्हणायचा, “तुन्ही पाळी.”

सम्राटापर्यंत ते पोहोचले तेव्हा नायकाची ताकद बावन्न होती. हा सम्राट बोलका निघाला. तीनचतुर्थांश शक्ती उरली की तो लढाई थांबवून म्हणतो, “थांब. तुझ्या बहिणीला मी नेलं नाही.” अर्धी उरली की पुन्हा थांबतो: “तिनं दार उघडं ठेवलं, कारण तिला माहीत होतं की—” आणि लगेच असा काही फटका मारतो की नायक आडवा. उरलेलं वाक्य तो पाव शक्तीवर बोलणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण पाव शक्तीपर्यंत त्याला खाली आणणं बावन्नच्या नायकाला जमेना. सत्तावीस वेळा गेले, सत्तावीस वेळा ‘माहीत होतं की’ ऐकून मेले.

शाहबाजनं दुरुस्तीच्या वहीच्या मागच्या पानावर उरलेल्या वाक्याच्या नऊ शक्यता लिहिल्या होत्या. गिऱ्हाइकाला पावती देताना पान उलटलं जायचं. एका बाईला चार्जरच्या पावतीऐवजी ‘६. तीच सम्राटाची आई असावी’ असा कागद गेला. तीही परत आली नाही.

“साठ पाहिजे,” भाग्येश म्हणाला. “बावन्नवर व्हवाव नही. मशरूम मारनं पडी.”

“कितलं?”

“चार-पाच हजार.”

शाहबाजनं वही मिटली आणि कपाळाला लावली.

इथे फुई आली. भिकुबाई, भाग्येशच्या वडिलांची थोरली बहीण. दुपारी ती भाग्येशच्या गाळ्यात पंख्याखाली मिरच्यांचं पोतं घेऊन बसायची आणि देठ खुडायची. सुक्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईच्या हाताला डोळ्यांची गरज नसते. डोळे मोकळे असतात, म्हणून ते इकडेतिकडे जातात. तिचे यंत्रावर गेले.

“हाऊ पोऱ्या घडी घडी काबर मरस रे?”

“फुई, तो नायक शे.”

“यान्हं नाव काय शे?”

“भाग्या,” शाहबाज म्हणाला, कारण पहिल्या दिवशी यंत्र भाग्येशच्या हातात होतं.

फुईनं भाच्याकडे असं पाहिलं, जसं पोलिओचा डोस चुकवलेल्या आईकडे नर्स पाहते. पोर जगत नसेल तर त्याला चांगलं नाव ठेवतात का? तिच्या आईची तीन पोरं गेली होती. मग ही झाली, तर भीक मागून आणली म्हणून भिकुबाई. पाठचा भाऊ जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्याबाहेर टाकला आणि शेजारणीनं आत आणून दिला, म्हणून सुपडू. टाकाऊ माल कोण नेतं? मरण दारावरून बघून पुढे गेलं. सुपडूकाका अजून नवापूरला आहेत, पंच्याऐंशीचे, आणि सगळ्यांशी भांडतात.

“सुपडू ठेव,” फुई म्हणाली. “सुपमा टाकेल पोऱ्याले मरन देखत नही.”

गेममध्ये नाव बदलून देणारा एक म्हातारा दुसऱ्या गावात बसतो. नावाला जागा सहा अक्षरांची. SUPADU बरोबर सहा. शाहबाजला हा योगायोग आवडला, आणि इथेच त्याची चूक झाली. दुसरी चूक त्याहून मोठी: त्यानं यंत्र फुईच्या हातात दिलं.

“हाऊ बटन दाबत ऱ्हायनं. मशरूम येस, मरस. आकडा वाढस. बस.”

फुईनं दाबलं. मशरूम मेला. तिनं अजून एक मारला. मग दोघांकडे बघून म्हणाली, “हाई ते देठ खुडानंच काम शे.”

त्यानंतर भाग्येश चुलत भावाच्या लग्नाला ब्राह्मणपुरीला गेला आणि शाहबाज सुट्या भागांसाठी सुरतेला. लग्न लांबलं, कारण लग्नात भांडण झालं. सुरत लांबली, कारण सुरत. सोळा दिवस. फुईला आकडा वाढवायला सांगितलं होतं. कुठे थांबायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं. मिरचीचं तसं सांगावं लागत नाही. ढीग संपला की काम संपलं. मशरूमचा ढीग संपत नाही. जपानी लोकांनी हे गृहीतच धरलं नव्हतं की पलीकडे भिकुबाई बसेल.

शाहबाज परतला तेव्हा फुई त्याच्या काउंटरवर यंत्र घेऊन उभी होती, गिऱ्हाइकासारखी.

“खराब व्हयनं रे शाहबाज. दोन दिनथून आकडा वाढतच नही.”

आकडा नव्व्याण्णव होता. नव्व्याण्णवच्या पुढे आकडा नसतो. शाहबाजनं पत्र्यावर टकटक केली. कालच परतलेला भाग्येश आला, त्यानं आकडा पाहिला आणि तो खाली बसला.

“साठ पाहिजे व्हता,” शाहबाज अगदी शांतपणे म्हणाला.

“जास्त ते चांगलंच ना भो. ताकद शे.”

दोघं सम्राटाच्या दरबारात गेले. सम्राट सिंहासनावरून उठला. झगा उडाला, संगीत वाजलं, शाहबाजनं वही उघडली, पेन काढलं. सुपडूनं तलवार एकदा हलवली. फटक्याचा आकडा उमटला: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. सम्राट तीनचतुर्थांशावर थांबला नाही, अर्ध्यावर थांबला नाही, पावावर तर नाहीच. तो पूर्णावरून शून्यावर गेला, थेट बसनं गेल्यासारखा. समुद्र भरला. जपानी लोकांची नावं वर सरकू लागली.

“पाह्यं?” भाग्येश म्हणाला. “जिंकनूत.”

शाहबाजनं पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

तर असं काही घडलेलं नाही, हे आपलं ठरलंय. शाहबाजनं यंत्र बंद करून सुरू केलं. सम्राट पुन्हा सिंहासनावर. या वेळी सुपडूची तलवार काढून घेतली. सुपडूनं लाकडी काठीनं मारलं. सम्राट मेला. काठी काढली, सुपडूनं थापड मारली. सम्राट मेला. शाहबाज म्हणाला, काहीच करू नकोस, नुसता उभा राहा. सुपडू उभा राहिला. सम्राट चाल करून आला, सुपडूच्या अंगावर आपटला आणि मेला, कारण फुईनं एका मशरूमकडून उलटमाराची अंगठी मिळवून ती त्याला घातली होती. अंगठी निघेना. ती शापित होती. फुईला ते ठाऊक होतं, पण “पोऱ्यान्हा हातमा काही ते पाहिजे.”

नेटवर शोधलं. या गेमचा शेवट दाखवणारा एकच व्हिडिओ जगात आहे. बेचाळीस सेकंदांचा. नाव: ‘सम्राट एका घावात’. खाली कुणीतरी विचारलंय, मधलं संभाषण कुठाय? त्याला उत्तर आलंय: संभाषण कोण वाचतं?

“आते बोल,” शाहबाज म्हणाला. “बोल ना, कठीण पाहिजे. घे. कितला कठीण शे! पोऱ्या उभा शे आनि राजा मरी ऱ्हायना!”

“कठीण नही म्हनीसनच ते गोष्ट गई,” भाग्येश म्हणाला, आणि यात त्याचाच विजय आहे हे कळायला दोघांनाही एक क्षण लागला. शाहबाजनं त्याला स्क्रूड्रायव्हर फेकून मारला. चुकला, आणि पत्र्याला भोक पडलं. आता त्या भोकातूनच भांडतात.

उपाय एकच होता. पहिल्यापासून सुरू करायचं: पोरगा झोपलाय, बहीण उठते. या वेळी बरोबर साठवर थांबायचं. पण कॅसेटमध्ये जागा एकाच नायकाची. नवा मांडायचा तर सुपडू पुसावा लागणार.

शाहबाजनं बटणावर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, ‘SUPADU पुसायचा? होय / नाही.’

“काय पुसी ऱ्हायना?” फुई मागेच होती.

“काही नही फुई. तो बाजूले सारस.”

“कोठे?”

शाहबाजनं बटणावरचं बोट उचललं. फुईनं मिरचीचे हात पदराला पुसले. तिच्या नजरेत राग नव्हता, तोच तर त्रास. तिनं फक्त विचारलं, “त्यान्ही बहीण मियनी का रे त्याले?”

“त्याच्यासाठीच तर, फुई! सम्राटले बोलू द्यानं शे. ती काबर गई ते त्यालेच माहीत शे.”

फुईनं विचार केला. मग दोन मिरच्या खुडून झाल्यावर म्हणाली, “दार उघाडं ठेवं ना तिनी? मंग तो मांगे येवा म्हनीसन ठेवं. आखो काय ऱ्हास?”

शाहबाजनं वही काढली. नऊ शक्यतांमध्ये ही नव्हती. त्यानं ती दहावी म्हणून लिहिली आणि त्याला भयंकर संताप आला, कारण ती बरोबर वाटत होती, पण सम्राटानं म्हटल्याशिवाय तिला काही अर्थ नव्हता. सत्तर तास मार खाऊन उत्तर मिरचीच्या पोत्यातून घ्यायचं?

त्यानं ‘नाही’ दाबलं. सुपडू जिथल्या तिथे राहिला, नव्व्याण्णववर, हातात शापित अंगठी.

मग त्यानं भोकाला तोंड लावलं. “भाग्येश. अर्ज लिख.”

“कोनाले?”

“कंपनीले.”

“कंपनी वीस वरीस पहिले बंद व्हयनी.”

“मंग काय? बंद खिडकीले लोके अर्ज देतस नही का?”

भाग्येशचं पोट असल्या अर्जांवरच चालतं. त्यानं नवं पान उघडलं. फुईनं अर्जदार म्हणून अंगठा द्यायची तयारी दाखवली, पण तिच्या हाताला मिरची असल्यानं कागदाला डाग पडला आणि अर्ज पुन्हा छापावा लागला. तो असा:

“प्रति, मा. व्यवस्थापक साहेब, गेम बनवणारी कंपनी (बंद), जपान. विषय: मयत सम्राटाचा उर्वरित जबाब मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, सदर सम्राट हे आमचे हातून, परंतु आमचा तसा हेतू नसताना, जबाब अपूर्ण असताना वारंवार मयत होत आहेत. सदर नायक सुपडू यास पुसणे कौटुंबिक कारणास्तव शक्य नाही. तरी मे. साहेबांनी प्रकरणी जातीने लक्ष घालून, सदर सम्राटास पाव शक्ती शिल्लक ठेवून, फक्त ‘की’ या शब्दापुढील मजकूर बोलून होईपर्यंत, तात्पुरत्या स्वरूपात जिवंत करून मिळावे, व तेवढा वेळ सुपडू यास लेखी आदेशाने हात मागे बांधून उभे राहण्यास फर्मावावे, ही नम्र विनंती.”