गर्दीने प्रश्न विचारायचा नाही

माझा धाकटा भाऊ गर्दी तयार करायचा. तोच त्याचा धंदा. नाटकात बाजार भरलेला असो नाहीतर रेडिओवर आगगाडी सुटत असो, मागे जो माणसांचा कालवा ऐकू येतो तो आमच्या घरातून जायचा. गंमत म्हणजे हा स्वतः इतका घुमा, की शाळेत पोरं त्याला ‘मुका’ म्हणायची. त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच घेऊन आले, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नाही.

गर्दीसाठी त्याला माणसं लागायची नाहीत. आई, मी आणि तो, एवढेच आम्ही. मागच्या खोलीच्या भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली. आई खिडकीपाशी, मी कपाटापाशी, तो रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी. तोंडाला येईल ते बडबडायचं, मग ती फीत लावून तिच्यावर पुन्हा बडबडायचं, मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत आमच्या तिघांचं अख्खं स्टेशन व्हायचं आणि घसा बसायचा.

नियम एकच. गर्दीने प्रश्न विचारायचा नाही. “प्रश्न कानावर पडला की माणूस उत्तरासाठी थांबतो,” तो म्हणायचा, “मग ती गर्दी राहत नाही.” एकदा त्याचा उतरलेला चेहरा बघून मी चालू रेकॉर्डिंगमध्ये “कंटाळलास का रे?” म्हणून गेले. त्याने ती फीत बाद केली. फेकली मात्र नाही, जपून ठेवली.

पुढे आई गेली. मी लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि हा एकटा उरला. दर रविवारी मी फोन करायचे. माझे गुडघे, जावयाची बदली, नातवंडांच्या परीक्षा, सगळं सांगायचे. तो नुसता हं हं करायचा. एका रविवारी त्याच्या हं हंच्या मागे मला माणसं ऐकू आली.

“कोण आलंय रे?”

“कोणी नाही गं.”

“अरे, केवढी गर्दी ऐकू येतेय!”

“कोणी नाही.”

त्यानंतर दर रविवारी तसंच. आधी मला बरं वाटलं. मग, खरं सांगते, पोटात दुखलं. सख्ख्या बहिणीला ज्याने कधी धड दोन वाक्यं ऐकवली नाहीत, त्याच्याकडे दर रविवारी एवढी मंडळी? आणि मग एकदा तो म्हणाला, “ताई, आता फोन नाही केलास तरी चालेल. मला बोलायला माणसं आहेत.” त्याचा आवाज आनंदी होता. त्या आवाजाचीच मला भीती वाटली. मी जायचं एक आणि यायची दोन तिकिटं काढली. काही झालं तरी त्याला घेऊनच येणार, असं लेकीला ठणकावून सांगितलं.

भर दुपारी पोचले. जिन्यातच कालवा कानावर आला. दारापाशी येऊन कान दिला, तर त्यात आईचं खाकरणं होतं. कोणीतरी खिदळत होतं आणि ते हसणं माझं होतं, लग्नाआधीचं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा म्हातारा जुन्या फिती लावून बसतो आणि म्हणे माणसं आहेत! माझ्याजवळच्या किल्लीने मी दार उघडलं.

आवाज थांबला. मशीन बंद केल्यासारखा एकदम नाही. जिच्याबद्दल बोलणं चाललंय तीच बाई आत आल्यावर मंडळी एकेक करून गप्प होतात, तसा. एकीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

मागच्या खोलीत भाऊ एकटाच बसला होता. घरातल्या सगळ्या खुर्च्या त्याच्याभोवती मांडलेल्या. घरभर बोट बोट धूळ, पण खुर्च्यांच्या बैठकी स्वच्छ.

“मशीन कुठंय?” मी विचारलं.

“ते कधीच भंगारात गेलं. फितींसकट.”

टेबलावर मशीनच्या आकाराचा फिकट चौकोन तेवढा उरला होता.

“ऊठ. बॅग भर. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल.”

“तिकडे मला कोण विचारणार, ताई?”

“मी आहे ना! मी दर रविवारी फोन करत नाही?”

“करतेस की. पण तू सांगतेस. विचारत नाहीस.” तो शांतपणे म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी भांडले तरी असते.

खोलीत हळूहळू कुजबुज सुरू झाली. सुटे सुटे शब्द, नियमाप्रमाणे. आणि मग कपाटाजवळून माझाच कोवळा आवाज आला, “कंटाळलास का रे?” सगळे गप्प झाले. उत्तरासाठी थांबले. भावाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो तोंड उघडणार तेवढ्यात मी घाईने विचारलं, “खरंच रे, कंटाळलास का? किती दिवसांपासून?” आणि मीही उत्तरासाठी थांबले.

त्याने उत्तर दिलं. आई गेल्यावर घर कसं झालं, जेवताना घास कसा फिरतो, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो भरभरून बोलत होता. पण बोलत होता कपाटाकडे बघून.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले. त्याने मान वाकडी करून माझ्यामागे पाहिलं आणि बोलत राहिला. मला रडू फुटलं. शेवटी मी उठले आणि कपाटापाशी, माझ्या जुन्या जागेवर जाऊन उभी राहिले. शेजारी कोणीतरी सरकून जागा करून दिली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“दमलीस का गं प्रवासाने?” त्याने विचारलं.

किती वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. खिडकीपाशी आई खाकरली. गाडीची वेळ टळून गेली ते मला कळलंही नाही.

पर्समध्ये फोन वाजला. लेक होती.

“आई, निघालात का? आणि हा कसला गोंगाट? कोण कोण आलंय गं तिथे?”

“कोणी नाही गं,” मी म्हटलं.