उस्तादांचा हात आणि पान्याची साक्ष

गॅरेजच्या दारात पंधरा-वीस माणसं टाचा उंचावून उभी होती. आत, उचललेल्या व्हॅनखाली उस्ताद डोळे मिटून पान्याला लटकले होते. पान्याला हातभर लांब पाइप चढवलेला.

"आकडा मला सांगू नका," ते म्हणाले. "पुस्तक यंत्राला लागतं. हाताला बोल्ट स्वतःच सांगतो, बाबा, आता बास."

व्हॅन माझ्या वहिनीची. तिच्यातून ती रोज आठ मुलांना शाळेत नेते-आणते. इंजिन आणि पुढची चाकं तोलणारी लोखंडी चौकट, म्हणजे सबफ्रेम, गाडीला चार जाड बोल्टांनी धरलेली असते. वळताना तिथून ठकठक यायची. उस्तादांनी बोल्ट आवळले की आवाज बंद, महिन्याभरात पुन्हा सुरू. ही तिसरी खेप होती.

मग मखमली पेटीतून टॉर्क पाना निघाला. लावलेल्या आकड्याइतका जोर पडला की तो 'कट्' वाजतो. उस्ताद त्यानं बोल्ट कधीच आवळत नसत, फक्त साक्षीला बोलावत. वहिनीनं गाडीच्या पुस्तकात बघून स्वतः आकडा लावला, एकशे दहा. पाना ओढला. कट्.

"बघितलंस?" ती मला म्हणाली. "न सांगता एकशे दहा. तुमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे का असला हात, वन्सं?"

मला खरं तर घरी जायचं होतं. अशा ठिकाणी तोंड उघडलं की काय होतं, ते मला पाठ झालंय. पण व्हॅनच्या खिडकीतून दप्तरं अडकवायचे आठ हूक दिसत होते.

"वहिनी, आता नव्वद लाव."

कट्.

"एकशे तीस."

कट्.

"दीडशे."

कट्. बोल्ट केसभरही हलला नव्हता. मग मागून एक काका भारावून म्हणाले, "म्हणजे उस्तादांच्या हातात सगळेच आकडे आहेत."

माना डोलल्या. मी कपाळाला हात लावला.

"काका, जोर कमी नाही, एवढंच हा पाना सांगतो. जास्त झालाय का, ते त्याला कळत नाही. बोल्ट आधीच गच्च असेल, तर त्याखालचा कुठलाही आकडा वाजणारच. याच पान्यानं आवळून कट् वाजताच थांबलं, तरच आकडा खरा."

"पाना बिघडलाय," उस्ताद म्हणाले.

"मग मघाशी एकशे दहाची साक्ष कुणी दिली?" हे वहिनीनं विचारलं. तिचा आवाज उतरला होता.

"ताई, विश्वासावर गाडी चालते."

"माझी पेट्रोलवर चालते. बोल्ट काढा."

बोल्ट निघाला. गॅरेजात तसाच एक कोरा बोल्ट होता, मी हा त्याच्याशेजारी ठेवला. कोऱ्यापेक्षा दोन मिलिमीटरनं लांब, मधे कंबर बारीक झालेली. नेमका आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चौकट धरून ठेवतो. पाइप लावून मर्यादेपलीकडे ओढला, की तो जुन्या इलॅस्टिकसारखा कायमचा लांबतो. थोडे दिवस आवाज दबतो, मग पकड सुटते. कधीतरी बोल्टच तुटतो.

वहिनी तो बोटांत फिरवत राहिली. "पुलाच्या वळणावर आवाज यायचा," ती म्हणाली. "मागे पोरं गाणी म्हणत असायची."

तिनं तिथूनच मुलांच्या घरी फोन लावले. दोन दिवस व्हॅन बंद, बाकीचे नवे बोल्ट यायचेत. एका आईनं तिला चांगलंच सुनावलं. वहिनीनं ऐकून घेतलं आणि पुढचा नंबर लावला.

उस्ताद लबाड होते असं मला वाटत नाही. इतकी वर्षं त्या पान्यानं त्यांना कधी 'नाही' म्हटलंच नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा काकांनी आपली गाडी आत घेतली होती आणि उस्ताद पाइप चढवत होते.

मी आता कुणाशी भांडत नाही. एवढंच सांगते: ज्या परीक्षेत कुणी नापास होऊच शकत नाही, तिच्या निकालावर विसंबून गाडीत लेकरं बसवू नका.