मावशीची बधिर जीभ

संग्रहालयात तिला सगळे हाडवाल्या बाई म्हणायचे. भाचीची ती सख्खी मावशी, आणि तिच्या हाताखाली नोकरी लागली तेव्हा भाचीला आकाश ठेंगणं झालं होतं. लोक जुनी हाडं समजून पिशव्या भरभरून दगड आणायचे. कुणाच्या दगडाला गुडघा असायचा, कुणाच्या दगडाला चक्क दात! मावशी कुणाचीही टर उडवायची नाही. "काय सुरेख दगड आहे हो, दारात मांडा," म्हणायची, आणि आलेला माणूस हाड नाही म्हटल्यावरही खूश होऊन जायचा.

तिची पद्धत ठरलेली. आधी डोळा, मग भिंग, आणि तरीही अडलं तर जीभ. दगड जिभेवरून सरळ निसटतो; जुन्या हाडात बारीक भोकं असतात, ते जिभेला धरून ठेवतं. नवखे लोक नाकं मुरडायचे, पण मावशी खुशाल चाटायची आणि निकाल द्यायची. तो कधी चुकल्याचं भाचीने ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी मावशी दाढ काढून थेट कामावर आली होती. तोंड बधिर, चहा ओठांतून गळून कॉलरवर. तेवढ्यात दगडाच्या खाणीतून बोलावणं आलं. "घरी जा गं," म्हणणाऱ्या भाचीवर खेकसतच ती गाडीत बसली.

खाणीत पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत मालक ताटकळला होता. खोदाई करताना यंत्रचालकाला बोटभर तुकडा दिसला होता आणि त्या भल्या माणसाने यंत्र थांबवलं होतं.

"हाड असेल तर काम बंद ठेवतो, बाई," मालक म्हणाला. "दगड असेल तर मात्र लगेच सुरू करणार. सगळे खोळंबलेत."

मावशीने तुकडा उलटसुलट पाहिला, भिंग लावलं. त्या उजेडात काही धड दिसेना. बाहेर उन्हात जायचं सोडून तिने सवयीने मोडकं टोक पुसलं आणि जिभेला लावलं.

"दगड," ती म्हणाली.

मालक उठून गेला. बाहेर यंत्र घरघरायला लागलं.

तुकडा काढताना मावशीची जीभ त्याच्याबरोबर जराशी ओढली गेली होती, भाचीने स्वतः पाहिलं होतं. मावशीला त्याचा पत्ताच नव्हता! आता तोंड उघडावं तर चारचौघांत मावशीचा अपमान, गप्प बसावं तर खडकात उरलेलं ते जुनं जनावर खडी होऊन रस्त्यावर पडणार.

तिने तुकडा उचलला आणि उन्हात धाव घेतली. भिंगातून पाहिलं: आत पावासारखी जाळी. तरी खात्री म्हणून तिने टोक जिभेला लावलं, ते चिकटलं, आणि ती तशीच, जिभेला तुकडा लोंबकळत ठेवून, मावशीसमोर येऊन उभी राहिली.

मावशीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गालाला हात लावला.

मग ती धावत सुटली. त्या वयात, त्या खडकाळ उतारावरून, दोन्ही हात वर करून थेट यंत्रासमोर. "बंद करा! चुकले मी! हाड आहे ते, मी चुकले!" साऱ्या खाणीला ऐकू जाईल असं ओरडत होती. यंत्र थांबलं. त्याच्या दातांसमोर, खडकात, हाडाचं दुसरं मोडकं टोक दिसत होतं.

भाचीला रडू कोसळलं. मावशी कधी चुकत नाही म्हणून आपण तिला मानतो, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं.

मालक गोंधळून खाली आला. "बाई, आता आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?"

धापा टाकणाऱ्या मावशीने आणखी एक तुकडा उचलला, बाहीला पुसला आणि भाचीपुढे धरला.

"हिला विचारा," ती म्हणाली. "आज हिचं तोंड जागेवर आहे."