हरवलेला भाचा

एकट्यानं प्रवास करायला माणसाच्या अंगी फक्त हिंमत लागते, बाकी सगळं तिकिटाबरोबर मिळतं, आणि ज्याच्यात ती नाही त्यानं निदान दुसऱ्याचे पाय ओढू नयेत, असं मावशीनं आपल्या थोरल्या भावाला ठणकावून सांगितलं. खुर्चीतल्या गृहस्थानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपण पाण्याचा मीटर बघायला आलो आहोत, असं अदबीनं कळवलं. थोरला भाऊ आतल्या खोलीत दाढी करत होता. शर्ट दोघांचेही निळ्या चौकड्यांचे होते आणि टक्कलही साधारण एकाच मापाचं.

मावशीला चेहरे लक्षात राहत नसत. जन्मापासूनच. नजर अशी तेज, की दिवेलागणीलाही सुईत दोरा ओवायची. पण माणूस दाराआड जाऊन परत आला की त्याचा चेहरा कोरा करकरीत. डॉक्टरांनी या प्रकाराला लांबलचक नाव दिलं होतं, औषध दिलं नव्हतं. मावशीचं त्यावाचून अडलंही नाही. शिवणकामात हयात गेली. माणसं ती खांद्यांवरून, चालीवरून, आवाजावरून ओळखायची. हे व्यंग वरवर दिसत नसल्यामुळे लोक तिला शिष्ट समजत, आणि शिष्ट बाईशी माणसं जपून वागतात, एवढा तरी फायदा तिच्या पदरात पडला होता.

शिवणाचं दुकान बंद केल्यावर तिनं जग बघायचं ठरवलं. सुरुवात म्हणून परगावच्या भाच्याकडे, मग समुद्र, डोंगर, जे काही वाटेत येईल ते. मीटरवाला गेल्यावर भावानं गालावरच्या फेसासकट अट घातली. भाचा स्टेशनवर येईल, पण हाक मारणार नाही, हातही हलवणार नाही; नुसता उभा राहील. मावशीनं त्याला ओळखलं तर ती मोकळी. नाही ओळखलं, तर यापुढे प्रत्येक प्रवासात भाऊ सोबत.

भावाची सोबत म्हणजे काय, हे मावशीला पुरतं ठाऊक होतं. प्रत्येक स्टेशन यायच्या आधी तो त्याचं नाव सांगे, आणि येऊन गेल्यावर ते किती उशिरा आलं ते सांगे. तिनं अट मान्य केली.

प्रवास झकास झाला. शेजारच्या सीटवरच्या बाईशी तिची चांगली गट्टी जमली. मध्ये ती बाई हात धुवून आली तेव्हा मावशीनं नव्यानं ओळख करून घेतली. दुसऱ्यांदा धुवून आली तेव्हाही. बाईला वाटलं, किती अगत्याची माणसं असतात जगात.

गाडीतून उतरल्यावर मात्र मावशी क्षणभर थबकली. उभ्या माणसाला चाल नसते आणि गप्प माणसाला आवाज नसतो, एवढा विचार भावानं केलेला होता. त्यात थंडीचे दिवस. सगळ्या प्लॅटफॉर्मचे खांदे जाड कोटात. तिनं त्या कोटांकडे एकवार पाहिलं, बॅग उचलली आणि तडक चौकशीची खिडकी गाठली.

आपला भाचा हरवलाय, असं तिनं माइकपाशी बसलेल्या बाईंना सांगितलं. बाईंनी हळहळून वय विचारलं.

"चाळिशीला आलाय. दाताचा डॉक्टर आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि तो दिसायला कसा आहे, असं विचारलं.

"दिसण्याचं सोडा हो. डावा खांदा उतरता आहे, त्याचे कोट मी तिथे कापूस भरून शिवते. चालतो असा, की जणू सगळीकडे चिखल झालाय. पँट घोट्याच्या वर. आणि सांगा त्याला, मावशी रागावलेली नाही म्हणावं, मामाला घाबरू नकोस."

बाई कामाला चोख होत्या. त्यांनी यातला एकही शब्द गाळला नाही. साऱ्या स्टेशनभर, आधी सावकाश आणि मग पुन्हा एकदा, भाच्याचा खांदा, चाल, पँट आणि मामा यांची घोषणा झाली. लोक एकमेकांच्या घोट्यांकडे बघू लागले.

लांबच्या खांबामागून एक कोट निघाला आणि नसलेला चिखल चुकवत, लाल होत, खिडकीकडे येऊ लागला. मावशीनं त्याला पार तिकडून ओळखलं आणि नावानं हाक मारली.

फोनवर भाऊ ऐकेना. याला ओळखणं म्हणत नाहीत, हा शुद्ध कांगावा आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. भाच्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तिचं राहू दे. आता या स्टेशनात मला न ओळखणारं कुणीच उरलेलं नाही."

मग भावानं "हं" म्हटलं. मावशीच्या आठवणीत भावानं हरल्याची कबुली इतक्या लांबलचक शब्दांत कधीच दिली नव्हती.

जिना उतरताना तिनं पुढचा बेत जाहीर केला. समुद्र, तोही जहाजातून, तोही एकटीनं. सोबत येतो म्हणणाऱ्याला ती धक्क्यावरूनच परत पाठवणार होती. भाचा मान डोलावत बॅग वाहत होता. बाहेर मोटारीपाशी दोन बायका जोरजोरात हात हलवत होत्या. मावशीनंही ऐटीत हात हलवला आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून भाच्याच्या कानाशी लागली.

"त्यातली तुझी बायको कुठली, तेवढं हळूच सांग."