बाबांची जीभ

डेंटिस्टच्या नशिबी सगळ्यात वाईट पेशंट कोण? दुसरा डेंटिस्ट. आणि तो आपला बाप असला तर विचारूच नका.

बाबांच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. बोटं आखडतात म्हणून सहा महिने घरी बसलेला हा माणूस सोमवारपासून पुन्हा दवाखान्यात येणार होता, आणि तुटक्या दाताने पेशंटसमोर जाणार नाही म्हणून हटून बसला होता. दाताला थुंकी लागू नये म्हणून रबराचा पडदा लावते म्हटलं, तर म्हणे जीव गुदमरतो. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात लावत आले, तेव्हा बरं कोणाचा जीव गुदमरला नाही!

शेवटी कापसाच्या गुंडाळ्या ठेवून सुरुवात केली. दातावर अ‍ॅसिडचं जेल लावलं, वीस सेकंद मोजले, धुतलं, वाळवलं. दात खडूसारखा पांढरा दिसायला लागला. त्या खरखरीत भागात बॉन्ड, म्हणजे चिकटवायचं पातळ औषध, मुरतो आणि त्यालाच कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, धरून बसतं. थुंकी लागली की सगळी मेहनत पाण्यात. हे मला शिकवलं कोणी? याच गृहस्थांनी.

मी बॉन्ड घ्यायला वळले आणि बाबांची जीभ दातावरून फिरली. पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं, आणि पुन्हा जीभ. तिसऱ्यांदा तर माझ्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश.

माझं डोकंच फिरलं. कापूस काढून ट्रेमध्ये आपटला. "बाबा, दाताला थुंकी लागू दिली म्हणून शिकाऊ पोरांना खोलीबाहेर काढायचात तुम्ही. माझ्या कामावर विश्वास नसेल तर बोट लावून बघा एकदाचं, पण जीभ आवरा."

बाबा हाताकडे बघत राहिले. "बोटाला कळत नाही."

"म्हणजे?"

"महिना झाला. खरखरीत काय, गुळगुळीत काय, सारखंच लागतं. जिभेला तेवढं कळतं अजून."

माझा राग कुठल्या कुठे गेला. नवा कापूस ठेवला आणि चौथ्यांदा अ‍ॅसिड लावलं.

या वेळी जीभ जागची हलली नाही. बॉन्ड, तो कडक करणारा निळा लाइट, कॉम्पोझिटचे एकावर एक थर, घासून पॉलिश. आरसा पुढे केला, तो त्यांनी घेतलाच नाही. जिभेने कड चाचपली.

"जोड लागत नाही कुठे," ते म्हणाले. मग खुर्चीतून उतरता उतरता, माझ्याकडे न बघता, "सोमवारचे माझे पेशंट तूच घे. पुढचेही."